घरसामान हलवण्याचा खर्च : आधी यादी, मग आकडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सामान हलवणाऱ्या कंपनीने फोनवर सांगितलेली रक्कम आणि नव्या घराच्या दारात गाडी उभी राहिल्यावर मागितलेली रक्कम यांत मोठी तफावत असल्याच्या तक्रारी वाचकांच्या पत्रांतून वारंवार येत असतात. कंपन्या फसवतात, एवढाच निष्कर्ष त्यांतून बहुधा काढला जातो. फसवणारे या व्यवसायात आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु घरसामानाची पाहणी करून खर्चाचे अंदाजपत्रक तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे आणि त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की, बहुतेक वादांचे मूळ लबाडीच्याही आधीच्या एका टप्प्यावर असते. सामान कोणीच पाहिलेले नसताना त्याच्या वाहतुकीची रक्कम सांगितली जाते आणि ग्राहक ती खरी धरून आपले सगळे नियोजन तिच्यावर बेततो. यानंतर जे घडते ते टाळणे प्रामाणिक माणसालाही कठीण असते. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

फोनवर विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा घरात खोल्या किती, असा असतो. या उत्तरावरून अंदाज बांधणे धोक्याचे आहे. एकाच इमारतीतल्या, एकाच आकाराच्या दोन घरांत एकीकडे मोजके फर्निचर आणि दुसरीकडे भिंतभर पुस्तके, शिलाई यंत्र, व्यायामाची साधने, झाडांच्या कुंड्या आणि माळ्यावर वर्षानुवर्षे साठलेली अडगळ असू शकते. दुसऱ्या घराचे सामान पहिल्याच्या दुप्पटही भरते आणि त्यामुळे गाडीचा आकार, हमालांची संख्या, खोक्यांचा खर्च, बांधाबांधीला लागणारा वेळ असे सर्व काही बदलते. खोल्यांच्या संख्येवरून दिलेला आकडा हा त्या आकाराच्या घरांची सरासरी असतो आणि आपले घर त्या सरासरीत बसेलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

लांबच्या प्रवासासाठी खर्च मुख्यतः सामानाचे आकारमान किंवा वजन आणि अंतर यांवर ठरतो. गावातल्या गावात जायचे असेल तर बऱ्याच ठिकाणी तो माणसे आणि तास यांच्या हिशोबाने लावला जातो. पाहणी करणारा माणूस प्रत्येक वस्तूचे आकारमान घनफुटांत मांडतो आणि वजनाचा अंदाज हवा असेल तर एका घनफुटाला सात पौंड, म्हणजे सुमारे 3.2 किलो, हे व्यवसायात रूढ असलेले प्रमाण वापरतो. संपूर्ण घराचा एकत्रित विचार केला तर हे प्रमाण बरेचसे जुळते, कारण हलक्या आणि जड वस्तू एकमेकींना सावरून घेतात. मात्र घर एका बाजूला झुकलेले असेल तर ते सपशेल चुकते. पुस्तकांसाठी वापरले जाणारे लहान खोके साधारण दीड घनफुटाचे असते. प्रमाणानुसार त्याचे वजन पाच किलोच्या आत यायला हवे, पण पुस्तकांनी भरल्यावर ते अठरा-वीस किलोंपर्यंत सहज जाते. उलट सात फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच सोफा 63 घनफूट जागा अडवतो, त्याचे वजन प्रमाणानुसार दोनशे किलो निघते आणि प्रत्यक्षात ते त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. ज्याच्या घरात पुस्तके भरपूर आहेत त्याने आकारमानावरचा दर आणि वजनावरचा दर यांतला कोणता आपल्याला लागू होणार आहे, हे विचारलेच पाहिजे. माझ्या पाहण्यात हा प्रश्न विचारणारे ग्राहक फारच थोडे होते.

पाहणी प्रत्यक्ष घरी येऊन व्हावी, हे उत्तम. व्हिडिओ कॉलवरची पाहणीही आता सर्रास होते आणि ती नीट केली तर पुरेशी ठरते. नीट करणे म्हणजे काय, हे मात्र सांगायला हवे. प्रत्येक कपाटाचे दार उघडून आतले दाखवावे, पलंगाखालचे खण ओढावेत, माळा, गच्ची, बाल्कनी, जिन्याखालची जागा, वाहनतळातली कोठडी, इतकेच काय, नातेवाइकाकडे ठेवलेली आणि याच गाडीतून न्यायची पेटीसुद्धा पाहणाऱ्याच्या नजरेखाली यावी. बैठकीच्या खोलीत उभे राहून चहूकडे कॅमेरा फिरवला आणि पाच मिनिटांत काम संपले, याला पाहणी म्हणता येत नाही. मोठ्या वस्तू कोणालाही दिसतात. अंदाज चुकतो तो बंद दारांआडच्या सामानामुळे. स्वयंपाकघर हे त्यातले सर्वांत फसवे ठिकाण असते, कारण ओट्याखालची आणि फळ्यांवरची भांडी, बरण्या आणि काचसामान यांना वेगवेगळे गुंडाळावे लागते. खोल्यांत सर्वांत लहान असलेल्या या खोलीतून बऱ्याचदा सर्वांत जास्त खोकी निघतात.

येथे ग्राहकांच्या वागण्याबद्दलही लिहिणे मला आवश्यक वाटते. रक्कम कमी यावी म्हणून काही वस्तू मुद्दाम न सांगणारे लोक असतात, पण त्यांची संख्या थोडी आहे. अधिक वेळा होते ते असे, की पाहणीच्या वेळी ‘हे कपाट आम्ही देऊन टाकणार आहोत’, ‘ही खोकी आमच्या गाडीतून नेऊ’, ‘जुना फ्रिज विकायचा आहे’ अशी वाक्ये मनापासून बोलली जातात आणि निघण्याच्या दिवशी ते कपाट, ती खोकी आणि तो फ्रिज तिथेच उभा असतो. विकत घेणारा आला नाही, भावाने नेतो म्हटले होते पण जमले नाही, किंवा ऐनवेळी जीव गुंतला. त्यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. घर सोडताना माणसाचे मन स्थिर नसते. पण ठरवलेल्या गाडीत मग सामान मावत नाही आणि वाद सुरू होतो. यावर सोपा उपाय आहे. ज्या वस्तूंचे काय होणार हे अजून ठरलेले नाही, त्या यादीत ‘अनिश्चित’ म्हणून वेगळ्या लिहून घ्याव्यात आणि त्या न्याव्या लागल्यास किती रक्कम वाढेल, हे त्याच कागदावर नोंदवून घ्यावे. चांगला पाहणी करणारा हे आनंदाने करतो, कारण त्यालाही निघण्याच्या दिवशी भांडण नको असते.

सामानाइतकाच महत्त्वाचा, पण पाहणीत सहज सुटणारा भाग म्हणजे दारापासून गाडीपर्यंतची वाट. मजला कितवा आहे, लिफ्ट आहे का आणि असल्यास तिच्यात गादी किंवा मोठे कपाट उभे मावते का, जिन्याचे वळण किती अरुंद आहे, गाडी दाराशी लागते की गल्लीच्या तोंडाशी थांबवावी लागते, संकुलाचे व्यवस्थापन सामान चढवण्या-उतरवण्याला कोणत्या वेळी परवानगी देते, त्या रस्त्यावर अवजड वाहनांना दिवसा बंदी आहे का, या सर्व गोष्टींचा थेट परिणाम रकमेवर होतो. मोठी गाडी आत येऊ शकत नसेल तर लहान गाडीने फेऱ्या माराव्या लागतात आणि मग तेच सामान एकदाऐवजी दोनदा चढवावे-उतरवावे लागते. हे सर्व दोन्ही ठिकाणांबद्दल सांगायला हवे. जुन्या घराची माहिती सगळेच देतात. नव्या घराची फारसे कोणी देत नाही, कारण अनेकांनी ते एक-दोनदाच पाहिलेले असते. तेथील जिन्याचे आणि प्रवेशद्वाराचे छायाचित्र काढून पाठवले तरी पुष्कळ वाद वाचतात.

तीन कंपन्यांकडून अंदाजपत्रके मागवावीत, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्य आहे. परंतु तीन कागद समोर ठेवून शेवटच्या ओळीतले तीन आकडे पाहणे म्हणजे तुलना नव्हे. तुलना करायची ती याद्यांची. एका कागदावर पंचेचाळीस नग आणि दुसऱ्यावर सत्तर नग असतील, तर त्या दोघांनी वेगवेगळ्या कामांची रक्कम सांगितली आहे आणि स्वस्त कोण हे त्यातून कळतच नाही. अशा वेळी पंचेचाळीस लिहिणाऱ्याला फोन करून उरलेल्या वस्तूंचे काय, हे विचारावे. त्यानंतर बांधणीचे साहित्य आणि मजुरी धरली आहे का, पलंग आणि कपाटे सोडवून पुन्हा जोडण्याचे काम कोण करणार, भिंतीवरचा टीव्ही, वातानुकूलन यंत्र आणि धुलाई यंत्र काढण्या-बसवण्यासाठी वेगळा कारागीर लागणार का, रस्त्यावरचा टोल, कर आणि विम्याचा हप्ता रकमेत आहेत का, नव्या घरी खोकी उघडून देणार की दारात ठेवून जाणार, आणि घराचा ताबा मिळायला उशीर झाला तर गोदामाचे भाडे कोणत्या दिवसापासून सुरू होणार, हे प्रश्न तिघांना सारखेच विचारावेत. उत्तरे तोंडी घेऊन उपयोग नाही. ‘सर्व खर्चासह’ हे शब्द लिहिलेले असतील, तर त्या ‘सर्व’मध्ये काय येते याची फोड मागावी. गाडी संपूर्ण आपलीच असणार की इतरांच्या सामानाबरोबर वाटून घेतलेली असणार, हेही विचारावे. वाटून घेतलेल्या गाडीने खर्च बराच कमी होतो, पण सामान पोहोचण्याचा दिवस नेमका राहत नाही आणि वाटेत गाडी बदलली गेली तर मोडतोडीची शक्यता वाढते. ज्याला घाई नाही त्याच्यासाठी तो चांगला पर्याय आहे. मात्र पैसे संपूर्ण गाडीचे आणि सामान वाटून घेतलेल्या गाडीत, असे होऊ नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अंदाजपत्रक कितीही काळजीपूर्वक केले तरी ते पाळण्याचे बंधन कंपनीवर कितपत आहे, हे त्या कागदावरूनच कळले पाहिजे. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरसामान नेणाऱ्या कंपन्यांसाठी तेथील संघराज्य सरकारने याविषयी स्पष्ट नियम केलेले आहेत आणि फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था ते राबवते. अंदाजपत्रक बंधनकारक आहे की बंधनकारक नाही, हे तेथे लिहावेच लागते. बंधनकारक असेल तर नमूद केलेल्या सामानासाठी आणि सेवांसाठी ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक मागता येत नाही. बंधनकारक नसेल तर अंतिम बिल प्रत्यक्ष वजनावर निघते, पण सामान ताब्यात देताना अंदाजित रकमेच्या 110 टक्क्यांपेक्षा जास्त मागणी करता येत नाही. तेवढे पैसे दिले की कंपनीला सामान उतरवून द्यावे लागते आणि उरलेली रक्कम किमान तीस दिवसांनंतर मागावी लागते. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते, कारण भरलेली गाडी दारात उभी असताना, आत मुलांची अंथरुणे आणि औषधे असताना, ग्राहकाला घासाघीस करता येतच नाही, हे वास्तव ती ओळखते. अंदाज चुकू शकतो हे तिने मान्य केले आहे, परंतु त्या चुकीचा उपयोग सामान अडवून ठेवण्यासाठी करता येणार नाही, अशीही व्यवस्था केली आहे.

जेथे असा कायदा नाही तेथेही ही अट करारात लिहून घ्यायला कोणाचीच आडकाठी नसते. ‘यादीत नमूद केलेल्या सामानासाठी अंतिम रक्कम अंदाजित रकमेच्या दहा टक्क्यांहून अधिक वाढणार नाही, सामान वाढल्यास ते गाडीत चढवण्यापूर्वी सुधारित रक्कम लेखी कळवली जाईल’, अशी दोन वाक्ये पुरतात. ज्या कंपनीने घर नीट पाहिले आहे तिला ही वाक्ये लिहून देताना अडचण वाटत नाही. जी टाळाटाळ करते तिने एकतर पाहणी मनापासून केलेली नाही किंवा तिचा हिशोब मुळातच नंतर वाढवण्याच्या तयारीने मांडलेला आहे. माझ्या मते कंपनीची पारख करण्याची याहून चांगली कसोटी नाही. जाहिरात, गणवेश आणि चकचकीत पत्रके यांवरून काहीही कळत नाही.

यातले ‘चढवण्यापूर्वी’ हे शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. अमेरिकेतील त्याच नियमांनुसार, निघण्याच्या दिवशी सामान जास्त आढळले तर कंपनीने तेव्हाच नवे अंदाजपत्रक करायचे असते, आणि ते न करता सामान गाडीत चढवले तर जुने अंदाजपत्रकच तिने पुन्हा मान्य केले असे धरले जाते. नवी रक्कम ऐकल्यावर ग्राहकाकडे खरे पर्याय तेव्हाच असतात: तो काही वस्तू मागे ठेवू शकतो, दुसऱ्या कोणाला बोलावू शकतो किंवा वाढीव रक्कम मान्य करू शकतो. गाडीचे दार लागले की हे पर्याय संपतात. म्हणून हमाल कामाला लागण्याआधी यादी हातात घेऊन मुकादमाबरोबर घरातून एक फेरी मारावी आणि दोघांनी यादीवर सह्या कराव्यात. दर वजनावर असेल तर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे वजन अशा काट्याच्या दोन्ही पावत्या मागाव्यात, कारण सामानाचे वजन हे या दोहोंमधला फरक असते आणि एकाच पावतीवरून ते सिद्ध होत नाही.

फार कमी रक्कम सांगणाऱ्यांविषयी थोडेसे. संकेतस्थळावर आपली माहिती भरली की काही मिनिटांत जे फोन येतात, त्यांतील बरेच मध्यस्थांचे असतात. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नसते, माणसेही नसतात. ते काम मिळवतात आणि दुसऱ्याला देतात. मध्यस्थ असणे हा गुन्हा नाही. पण रक्कम सांगणारा एक आणि सामान नेणारा दुसरा असेल, तर सांगितलेल्या रकमेला कोण बांधील आहे हे विचारावे, प्रत्यक्ष गाडी कोणाची येणार ते नाव लिहून घ्यावे आणि बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, त्याच नावाची आहे ना, हे पाहावे. मोठी आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहावे. काम नक्की करण्यापुरता इसार समजण्यासारखा आहे. गाडी येण्याआधीच निम्म्याहून अधिक पैसे देऊन बसलेल्या ग्राहकाच्या हातात मात्र नंतर काहीच उरत नाही.

मोडतोडीची जबाबदारी हाही खर्चाच्याच अंदाजाचा भाग आहे, पण तो सहसा वाचला जात नाही. बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये कंपनीची जबाबदारी वजनावर मर्यादित केलेली असू शकते. अमेरिकेत ग्राहकाने लेखी संमती देऊन कमीत कमी जबाबदारीचा पर्याय निवडला, तर प्रत्येक वस्तूला पौंडामागे फक्त 60 सेंट भरपाई मिळते. म्हणजे वीस पौंडांचा टीव्ही फुटला तर बारा डॉलर, मग तो कितीही महागाचा असो. अशा अटीवर दिलेले अंदाजपत्रक स्वस्त दिसणारच. दोन कागदांची तुलना करताना जबाबदारीची मर्यादा दोन्हीकडे सारखी आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणता स्वस्त हे ठरवू नये. मौल्यवान आणि नाजूक वस्तूंची किंमत आधीच लिहून द्यावी आणि विमा असेल तर तो कोणत्या विमा कंपनीचा आहे व पॉलिसीची प्रत केव्हा मिळणार, हे विचारावे.

हे सर्व ग्राहकाने करावे असे मी लिहीत आहे, पण ओझे केवळ त्याच्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. माणूस आयुष्यात थोड्याच वेळा घर बदलतो आणि कंपनी हे काम रोज करते; माहिती जिच्याकडे अधिक, तिची जबाबदारीही अधिक. या व्यवसायातल्या प्रामाणिक माणसांची कोंडी मी जवळून पाहिली आहे. ते घरी येतात, तासभर मोजमाप करतात, खरी रक्कम सांगतात आणि घर न पाहता फोनवर निम्मी रक्कम सांगणाऱ्याकडे काम जाते. पुढे त्या ग्राहकाला अखेर तेवढेच किंवा त्याहून जास्त पैसे मोजावे लागले, तरी खरे बोलणाऱ्याचे काम गेले ते गेलेच. असे वारंवार घडले की चांगला माणूसही फोनवर कमी आकडा सांगायला शिकतो.

म्हणून घरसामानाची वाहतूक करणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांच्या संघटनांना आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून माझी विनंती आहे की, त्यांनी प्रत्येक अंदाजपत्रकाच्या पहिल्याच पानावर तीन गोष्टी ठळक छापाव्यात: सामान प्रत्यक्ष किंवा व्हिडिओद्वारे कोणी आणि कोणत्या तारखेला पाहिले, रक्कम निश्चित आहे की बदलू शकणारी, आणि बदलू शकणारी असल्यास ती जास्तीत जास्त किती होईल. त्यासोबत नगवार यादी जोडलेली असावी आणि पाहणीशिवाय दिलेल्या कोणत्याही आकड्याला ‘अंदाजपत्रक’ हे नाव देऊ नये. यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. छपाईचा मजकूर बदलला की काम होते. आपल्या वृत्तपत्रातही या कंपन्यांच्या जाहिराती प्रसिद्ध होतात. ‘सर्वांत कमी दर’ असा दावा करणारी जाहिरात स्वीकारताना, हा दर पाहणीनंतरचा आहे की आधीचा, हे जाहिरातीत नमूद करण्याची अट आपण घालावी, अशीही माझी आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक